कच्चा हात

“ही शेपटी पुन्हा काढावी लागेल,” ओराथाई म्हणाली.

दुआंगताने वाडगा उचलला, फिरवून पाहिला आणि भट्टीकडे जाणाऱ्या फळीवर तसाच ठेवून दिला. “तू शाळेत जात होतीस तेव्हापासून मी कोंबडे रंगवतेय. परवापर्यंत माझ्या शेजारी बसून पानं काढायचीस. हुआना झालीस आणि लगेच माझी शेपटी वाकडी दिसायला लागली होय?”

बाकीच्या आठ जणी मान खाली घालून हसल्या.

थायलंडमधल्या लाम्पांगच्या त्या कारखान्यात कोंबड्याचं चित्र असलेले वाडगे हाताने रंगवत. चितारकामाच्या खोलीची हुआना, म्हणजे मुकादम, म्हणून मालकांनी सव्वीस वर्षांच्या ओराथाईला नेमलं, त्याला जेमतेम पंधरा दिवस झाले होते. मालकांना सगळे थाओके म्हणत. त्यांनी तिला सरळच सांगितलं होतं, “शंभरातले अठरा वाडगे फुकट जातायत. सहा महिन्यांत ते पाचावर आले नाहीत तर मी छापील कोंबडे चिकटवणार. मग या खोलीचं काम संपलं.”

ओराथाईने हे सगळ्यांना सांगून पाहिलं. नवी हुआना धाक घालतेय, एवढाच अर्थ त्यांनी घेतला.

त्याच आठवड्यात पा बुआचुम कामाला आली. साठीच्या बाईला पा, म्हणजे मोठी मावशी, याखेरीज कोण काय म्हणणार? नान प्रांतातली भट्टी बंद पडली म्हणून इकडे आले, एवढंच ती म्हणाली. हात मात्र अगदीच कच्चा होता.

“पा, हे बदक का?” दुआंगताने तिचा पहिला कोंबडा पाहून विचारलं.

“मलाही तसंच वाटतंय,” पा म्हणाली आणि सगळ्यांबरोबर हसली. मग खोलीभर ऐकू जाईल अशी हाक मारली, “हुआना, इकडे ये गं. माझी शेपटी मधेच का फाटते?”

ओराथाई तिच्याजवळ जाऊन बसली. “मनगट टेकू नका, पा. श्वास सोडताना ओढा. मधे थांबायचं नाही.”

“जरा मोठ्यानं सांग. कान गेलेत माझे.”

ओराथाईने मोठ्याने सांगितलं. एकदा, दोनदा, दहादा. पलीकडे दुआंगताचा कुंचला क्षणभर थांबला. त्या दिवशी तिच्या शेपट्या एका झटक्यात उतरल्या, पण ते कुणी बोलून दाखवलं नाही.

मग रोजचंच झालं. आज पानाच्या कडा पसरत, उद्या तुऱ्याचा लाल रंग भट्टीत करपे. खोलीत कुणाचं तरी जे बिघडलेलं असे, तेच नेमकं पा बुआचुमलाही जमत नसे. ती हाक मारी, ओराथाई समजावी. पहिल्या महिन्यात ओराथाई वैतागत असे. पुढे तिच्या लक्षात आलं, की नुसतं ‘चुकलं’ म्हणून भागत नाही. हात कुठे अडतोय ते बघावं लागतं. आधी विचारावं लागतं. ती इतरांनाही विचारायला लागली. मुली आधी थोडं, मग भरभरून सांगायला लागल्या.

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी भट्टीतून साठ वाडगे बाहेर आले. सगळ्यांच्या शेपट्या फिक्या, राखेसारख्या. थाओके दारात येऊन उभे राहिले.

“माझंच काहीतरी चुकलं असणार,” पा पुटपुटली. “काल काळ्या रंगाच्या भांड्याजवळ मीच बसले होते.”

कुणालाही ते पटलं असतं. ओराथाईने थाओकेंकडे पाहिलं, मग मुलींकडे.

“नाही, पा,” ती म्हणाली. “रंग मी कालवला. घाईत पाणी जास्त पडलं, ते कळूनही मी तसाच वाटला. साठही वाडगे माझ्यावर.”

थाओके निघून गेले. कुणी हसलं नाही. दुपारी सगळ्या चिकट भात आणि मिरचीचा ठेचा घेऊन जेवायला बसल्या, तेव्हा दुआंगताने सरकून शेजारी जागा केली. जेवण झाल्यावर तिने एक वाडगा पुढे केला. “जरा बघतेस? कोंबड्याचा डोळा काही जमत नाही मला हल्ली.”

“दाखव,” ओराथाई म्हणाली, आणि तो डोळा काढायला दोघींनी बराच वेळ लावला.

सहाव्या महिन्याअखेर शंभरातले चार वाडगे फुकट जात होते. थाओकेंनी छापील कोंबड्यांचा विषय कायमचा बंद केला. मुलींनी ओराथाईच्या मनगटाला पांढरे दोरे बांधून तिचं भलं चिंतलं. पहिला दोरा दुआंगताने बांधला.

दुसऱ्या दिवशी पा म्हणाली, “आता मी लेकीकडे जाते गं. खूप शिकले इथं.”

ओराथाईचे डोळे भरून आले. “तुम्ही नसतात ना, पा, तर मला शिकवता कधी आलंच नसतं,” ती हलकेच म्हणाली.

“येतंय ना आता?” पा म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली.

ओराथाईला राहवेना. पा बुआचुमला पुढे कुठे काम मागावं लागलं तर हाताशी असावं, म्हणून तिने एक शिफारसपत्र लिहिलं आणि सहीसाठी थाओकेंपुढे ठेवलं. ‘बाई मेहनती आणि प्रामाणिक आहेत. हात अजून कच्चा आहे. कुणी धीराने शिकवलं तर चांगल्या चितारी होतील.’

थाओकेंनी ते दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“हुआनाची जागा मी आधी तिलाच देऊ केली होती,” ते म्हणाले. “उत्तरेतल्या निम्म्या चिताऱ्यांना तिनंच घडवलंय. तिनं दिवसभर खिडकीतून तुमचं काम पाहिलं आणि म्हणाली, ‘कोपऱ्यातल्या त्या मुलीला हुआना करा, आणि मला सहा महिने तिच्या हाताखाली बसू द्या.’”