शेंदराखालचा मुकुट

शेंदराचा पापुद्रा. रॉकेलचा वास. कुंपणापलीकडे वाळणारी हिरवी साडी. दर खंडेनवमीला शालनच्या स्वप्नात येणारा, चेहरा नसलेला मुलगा.

"याचा तर पार मारुती झालाय की, ताई!" मिरजेचे बंदुका दुरुस्त करणारे तांबोळीचाचा पापुद्रा खरवडत हसले. वडिलांच्या मागे परवाना शालनच्या नावावर व्हायचा होता, म्हणून ते खिशात मावणाऱ्या त्या जुन्या रिव्हॉल्व्हरचं वय ठरवायला आले होते.

पणजोबांनी सख्ख्या धाकट्या भावाला याच रिव्हॉल्व्हरने मारलं, असं घरात सांगत. म्हणून दर खंडेनवमीला त्याला शेंदूर फासून क्षमा मागायची, आणि भावाच्या वंशाच्या घरी पाणीसुद्धा प्यायचं नाही. पलीकडच्या चुलतबहिणीशी, सुभद्राशी, शालन जन्मभर कुंपणावरूनच बोलत आली होती.

पापुद्रा सुटला. खाली लंबगोलात तीन अक्षरं, डोक्यावर मुकुट.

"बेल्जियमचं. शिक्क्यावर हा मुकुट अठराशे त्र्याण्णवपासून मारायला लागले."

"चाचा, धाकटे तर अठराशे अठ्ठ्याऐंशीतच गेले. समाधीवर कोरलंय."

"मग याने नाही मारलं त्यांना."

खोली हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखी झाली. त्या पाण्यातून स्वप्नातला मुलगा उठला, त्याने धोतर झटकलं, आणि पहिल्यांदाच त्याला चेहरा आला. सुभद्रासारखाच, नकट्या नाकाचा.

शालन अनवाणीच कुंपण ओलांडून गेली. "सुभद्रे, ते रिव्हॉल्व्हर तेव्हा जन्मलंच नव्हतं गं!"

"बरं. मग दारात उभी राहून ओरडतेस काय? आत ये."

त्या सकाळी, चाचा येऊन काही सांगायच्याही आधी, सुभद्राने दोघींचा स्वयंपाक करून ठेवला होता.