तळ्यावरचा दिवा

दीपस्तंभांनी जगात साम्राज्यं वाचवली आहेत. अमरावतीजवळच्या आमच्या तळ्यावरच्या दीपस्तंभाने एक म्हैस वाचवली, आणि तीही बहुधा आपल्या मनानेच पोहत आली असावी.

हा दगडी मनोरा एका गोऱ्या साहेबाने स्वतःच्या एकुलत्या एका नावेसाठी बांधला. साहेब विलायतेला गेला, नाव कुजली. दिवा मात्र रोज लागत राहिला, कारण सरकारात सुरू झालेली गोष्ट बंद करायलाही वरून हुकूम लागतो. तो साठ साली आला. दिवा उतरवायला मला पाठवलं.

कंदील जीपमध्ये ठेवला तेव्हा म्हातारा दिवेवाला डोमाजी म्हणाला, "मंग मी आता काय करू, साहेब?"

"घरी बसायचं. तुझी जागाच रद्द झाली."

"वरचा दिवा त तुमी काढला. खालचा कोन काढीन?"

मी पाण्यात पाहिलं. दिवेलागणीची वेळ होती, वारा पडला होता. काठावरचा मनोरा अंधारात उभा होता. पाण्यातल्या मनोऱ्याच्या टोकाला मात्र दिवा जळत होता.

मी जीपमध्ये हात घातला. कंदील तिथेच होता, गार.

पुन्हा पाहिलं. पाण्यातल्या दिव्याजवळ कुणीतरी काच पुसत होतं. पागोटं ओळखीचं होतं.

डोमाजी तर माझ्या शेजारी उभा होता. पाण्यातल्या प्रतिबिंबात मात्र काठावर मी एकटाच होतो.

शेजारचा डोमाजी अदबीने खाकरला.

"साहेब, माह्यं जाऊ द्या. त्याची तेवढी नोकरी राहू द्या."