दोष सांगायचा दिवस

“तिसरं झालं. आता मोठं आण,” तोकुजी म्हणाला.

शिगेनोने पाइनची कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि अंगणातल्या उलट्या खोक्यावर ठेवली. दरवर्षी हे काम तोकुजी करायचा. यंदा तो ओसरीच्या कडेला रजई पांघरून बसला होता, कारण पोटातला अल्सर त्याला वाकू देत नव्हता. अल्सर असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं. शिगेनोला आणि तिच्या धाकट्या दिराला त्यांनी वेगळ्या खोलीत बोलावलं आणि खरं काय ते सांगितलं. कर्करोग. फार तर उन्हाळ्यापर्यंत. त्या काळी एकट्या किनाशी गावातच नव्हे, साऱ्या जपानात हीच रीत होती. आजार एकाला व्हायचा आणि त्याचं नाव घरच्यांना कळायचं.

“वहिनी, चेहरा सांभाळा,” बाहेर पडताना दीर म्हणाला होता. “दादाला झाडाच्या नुसत्या सालीवरून आतलं कळतं. माणसाचं काय घेऊन बसलात!”

तेवढंच तिला सांभाळायचं होतं. नवऱ्याचा शेवटचा हिवाळा भीतीत जाऊ नये, एवढंच. महिनाभर तिने ते निभावलं. रडू आवरेनासं झालं की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. तोकुजीने वाडग्यातले शेवटचे उडोन नूडल्स तसेच ठेवले, तरी ती कधी बोलली नाही. मागून तेच थंड उडोन ती उभ्या उभ्या खायची.

पण आजचा दिवस अवघड होता. थंडीच्या तोंडाशी पाइनची जुनी, सुईसारखी पानं उपटून झाली की झाड उघडं पडतं, त्याला काही लपवता येत नाही. त्या दिवशी घरातल्या प्रत्येक बोनसायचे दोष मोठ्याने बोलायचे, आधी तोकुजीने, मग शिगेनोने. दोष काय, आणि तो काढायला वर्षं किती. कौतुक करायचं नाही. कौतुकाला गिऱ्हाइकं आहेत, असं तोकुजी म्हणे. अडतीस वर्षांत शिगेनोने एकदाही कौतुक केलं नव्हतं. एका वर्षी त्याच्या लाडक्या झाडाला ती ‘जेवून सुस्तावलेला जावई’ म्हणाली. तोकुजी दोन दिवस तिच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी त्याने निमूटपणे कात्री घेतली.

आधीच्या तीन झाडांचं सोपं होतं. कुठे फांदीला वळण देणारी तार सैल, कुठे शेंडा जड. एका मोसमाचं काम. एक मोसम तिला खोटं न बोलता म्हणता आलं होतं.

हे चौथं मात्र त्याच्या आजोबांनी समुद्रकाठच्या खडकातून काढून आणलेलं. सप्टेंबरच्या वादळात मांडणीची फळी कोसळली आणि त्याची सगळ्यात खालची फांदी मोडली. तिच्यावरच्या दोन फांद्या एकाच उंचीवर समोरासमोर उरल्या, दाराला अडसर घालावा तशा. शेंबड्या पोरालाही दिसला असता असा दोष. त्यातली एक बुंध्यापासून कापायची, खाली नव्या कोंबाचं कलम बांधायचं आणि त्याची फांदी होईपर्यंत वाट बघायची. बारा वर्षं. कदाचित पंधरा.

तोकुजी बराच वेळ झाडाकडे बघत राहिला.

“याच्या बाबतीत आधी तू बोल,” तो म्हणाला. “याच्यावर माझी माया आहे. मला नीट दिसत नाही.”

बारा वर्षं. ज्याच्या हातात एक उन्हाळा नाही, त्याच्यासमोर बारा वर्षं कशी म्हणायची?

“काही नाही,” ती म्हणाली. “छान आहे. आहे तसंच राहू द्या.”

म्हणाली आणि तिचं तिलाच हलकं वाटलं. आजारी माणसाला चार गोड शब्द ऐकवले, त्यात काय बिघडलं? दुसऱ्या कुठल्याही घरातली बायको हेच म्हणाली असती. ती चहा आणायला उठली.

“थांब. एकसुद्धा दोष नाही?”

“नाही म्हटलं ना!”

“अडतीस वर्षांत पहिल्यांदाच.”

“अहो, झाड सुधारलं असेल. तुम्ही नाही सुधारलात, निदान ते तरी सुधारलं!”

तिने हसायचा प्रयत्न केला, पण आवाज चिरकला. तोकुजी आता झाडाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, खालून वर, घाई न करता. तिला मान वळवावीशी वाटली, पण वळवता आली नाही.

मग त्याने रजई बाजूला केली. ओसरीचा खांब धरून तो अंगणात उतरला. शिगेनो आधार द्यायला धावली, पण त्याने तिला हातानेच थोपवलं. खोक्यापाशी जाऊन त्या दोन फांद्यांवर त्याने एकेक बोट ठेवलं. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. राग होता, आणि खूप दिवस एकटीने ओझं वाहिलेल्या बायकोची कीव होती.

“मरणार मी आहे, शिगेनो,” तो म्हणाला. “याला अजून शंभर वर्षं जगायचंय. याच्याशी कशाला खोटं बोलतेस?”