हळदीचा निकाल

लालबागच्या भिवा परबाला, मसालेवाल्याला, ती बी.एड. शिकणारी उर्वी पहिल्या दिवसापासून खटकत होती. कुठल्याशा संस्थेने म्हणे तिला पैसे दिलेले, चाळीतल्या पोरांना विज्ञान शिकवायला. फुकटात कोण कुणाला देतं? ही नक्की पाकीटवाल्या मसाल्यांची माणूस, आपलं दुकान बसवायला आलेली. त्यात तिने पोरांना सांगितलं, घरून चिमूटभर हळद आणा, भेसळ कशी ओळखायची ते शिकू. पण भिवाही काय कच्चा नव्हता.

रविवारी चाळीच्या पटांगणात उर्वीने निकाल मांडला. टेबलावर पाण्याचे ग्लास, प्रत्येकावर पोराचं नाव. समोर आख्खी चाळ बसलेली. भिवा मागे हाताची घडी घालून उभा.

"चांगली हळद तळाला बसते, पाणी फिकं राहतं," उर्वी म्हणाली. "रंग घातलेला असला की पाणी गडद पिवळं होतं."

सगळे ग्लास गडद पिवळे होते. फिका एकच, भिवाच्या नातीचा, ओवीचा.

"बघितलंस?" भिवा शेजारच्या रघूला कोपराने ढोसत म्हणाला. "परबाचा माल."

"एकच कोडं मला सुटत नाहीये," उर्वी म्हणाली. "सगळेच हळद परबकाकांकडून घेतात. मग एकट्या ओवीचीच वेगळी कशी?"

ओवी उभी राहिली.

"टीचर, आजोबांनीच सांगितलेलं. घरच्या बरणीतली ने, दुकानातली नको."