हातचं राखून

शर्यतीच्या गाडीचं इंजिन लेकीला मिनिटाला सातच्या जागी आठ हजार फेऱ्यांपर्यंत पळवायचं होतं. बापाने महिनाभर गॅरेजमध्ये कंबरडं मोडून घेतलं. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बदलल्या, कनेक्टिंग रॉड बदलले, ऑइल पंप मोठा बसवला. इंजिनाची त्याला खात्री होती. लेकीच्या उजव्या पायाची नव्हती. म्हणून त्याने गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये लिमिट गुपचूप साडेसातवरच बांधलं आणि डॅशबोर्डवरचा फेऱ्यांचा काटा पाचशेने पुढे दाखवेल असा लावून ठेवला. तिला आठ दिसले की झालं! बापाची जात, हातचं राखल्याशिवाय देईल कशी?

लेक दुसरी आली. पहिली गाडी जेमतेम बोनेटभर पुढे होती.

"आठला जोर कमी पडला का गं?" त्याने चोरासारखं विचारलं.

"आठला नेलंच कुठे? काटा साडेसातवर आला की मी पाय उचलत होते."

म्हणजे इंजिन जुन्याच सात हजारांवर धावलं होतं. महिन्याची हमाली पाण्यात! तो मटकन टायरवर बसला.

"अगं, पण का?"

"रागावू नका, बाबा. हल्ली बोल्ट आवळताना तुमचे हात थरथरतात. मी बघते ना."