झाकणबंद

चांगल्या लाइफ कोचने स्वतःचं दुःख क्लायंटसमोर आणू नये, हे केळुसकरांचं ब्रीद. म्हणून सेशनआधी ते आपली कटकट चिठ्ठीवर लिहीत, स्टीलच्या डब्यात टाकत आणि झाकण घट्ट लावत.

आज सकाळी "तुमच्यापेक्षा भिंत बरी!" म्हणत बायको माहेरी निघून गेली. केळुसकरांनी लगेच चिठ्ठी लिहिली, पण डबाच सापडेना. तेवढ्यात क्लायंट आला.

"सर, वडील गेल्यापासून झोपच लागत नाही हो."

एरवी त्यांनी पाच उपाय सुनावले असते. आज तोंड उघडलं तर रडू फुटेल, या भीतीने ते तासभर नुसती मान हलवत बसले.

"सर, आज पहिल्यांदाच तुम्ही माझं ऐकलंत," डोळे पुसत क्लायंट म्हणाला.

तो गेल्यावर बायकोचा मेसेज दिसला: "डबा माझ्या आईचा, म्हणून आणला. आत तुमच्या एकशे बारा चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्या माझ्यावरच."