पान त्रेचाळीसवरचा जेलीफिश

‘तुझ्या पुस्तकात जेलीफिशचं चित्र उलटं छापलंय,’ असं त्यांच्या जुन्या सरांचं पत्र चार वर्षांपूर्वी आलं, तेव्हा प्राध्यापकांनी शरमेने उत्तरच दिलं नव्हतं. आता दुसरी आवृत्ती छापायला निघाली होती आणि चित्र फिरवायचं का, ते प्रकाशकाला आजच कळवायचं होतं.

“फिरवा म्हणतो. सर चुकतील होय?” ते बायकोला म्हणाले.

“अहो, पण तुम्ही तो प्राणी पाहिलाय ना?”

“पाहिलाय म्हणजे? गुडघाभर पाण्यात दोन तास उभा होतो! या जातीचा जेलीफिश तळाला पाठ टेकून, हात वर करूनच पडून असतो. हातांत सूक्ष्म शेवाळ वाढतं, त्याला ऊन लागतं. मुख्यतः त्यावरच तो जगतो.”

“मग चार वर्षं मिठाची गुळणी धरून का बसलात?”

प्राध्यापकांनी प्रकाशकाला ‘चित्र आहे तसंच ठेवा’ असं कळवलं आणि कार्ड ओढलं. ‘सर, चित्र बरोबर आहे, तो प्राणीच उलटा राहतो. पुस्तकातलं उतरवू नका, दिसेल ते काढा, असं पहिल्याच तासाला तुम्ही बजावलं होतंत. मी तेवढंच केलं.’

एकही शब्द न खोडता त्यांनी तिकीट लावलं आणि कार्ड स्वतः जाऊन पेटीत टाकलं.